बारा जोड्या आणि एक करंडा

कुपवाडच्या एमआयडीसीत नाथाजी विरकराला सगळे ‘चांगभलं’ म्हणून हाक मारायचे. देवभक्त म्हणून नव्हे. देव तो मानायचा, म्हसवडकडचा माणूस, सिद्धनाथाला मानणार नाही तर कुणाला? पण हे नाव पडलं ते कामावरून.

गोपाळकृष्ण भिड्यांच्या छोट्या शॉपमध्ये त्यानं जन्मभर एकच काम केलं. करंगळीएवढी एक पोलादी दांडी आणि ती जिच्यात सरकते ती नळी, अशी जोडी जुळवायची. दांडी मशीनवर घासून येई, नळीला मशीनच भोक पाडून देई, पण शेवटचा हात माणसाचा. पेस्ट लावायची, बोटांत धरून फिरवायची, रॉकेलात धुवायची, पुसायची, पुन्हा फिरवायची. मग परीक्षा. नळी उभी धरायची, तेलाचा एक थेंब सोडायचा आणि दांडी वरून सोडून द्यायची. ढकलायची नाही. भसकन खाली गेली तर सैल, मधेच अडली तर घट्ट. ती आपल्या वजनानं सावकाश उतरली पाहिजे. उतरत असताना नाथाजी पुटपुटायचा, सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं, सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं. सातव्या चांगभल्याला दांडी तळाला टेकली की जोडी जमली.

शॉपमधली पोरं चेष्टा करायची. शेजारच्या टेबलावरचा पलूसचा मानसिंग म्हणायचा, “नाथ्या, आठवं चांगभलं झालं तर काय देव कोपतो व्हय?” नाथाजी म्हणायचा, “देव न्हाई, भिडेसाहेब कोपत्यात.” एकदा भिडेसाहेबांनी गंमत म्हणून खिशातून घड्याळ काढलं आणि पाठीमागं उभं राहून मोजलं. वीस जोड्या उतरल्या, वीसही वेळा अकरा सेकंद.  साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि दोन कप चहा सांगितला. साहेबांनी कामगारासाठी चहा सांगायचा म्हणजे तेव्हा मोठीच गोष्ट होती.

एकदा जमलेली जोडी मोडायची नाही, हा त्या कामाचा कायदा. या नळीची दांडी त्या नळीत घातली तर चालत नाही. म्हणून ट्रेमध्ये सगळ्या जोड्या शेजारी शेजारी, ओळीनं ठेवायच्या आणि वर मलमलचं फडकं टाकायचं.

अशात कधीतरी पुण्याच्या एका पार्टीमार्फत परदेशी ऑर्डर आली. ओरेस्ता नावाची मोटार कंपनी. जगातल्या सगळ्यात वरच्या शर्यतीत तिच्या दोन निळ्या गाड्या पळायच्या. त्या गाडीत ड्रायव्हरनं बोट दाबलं की गिअर बदलायचा, आणि तो बदलणारी दांडी-नळी कुपवाडहून जायची. कुणाला खरं वाटणार नाही, पण असं होतं. भिडेसाहेबांनी निळ्या गाडीचं कॅलेंडर आणून शॉपच्या भिंतीला लावलं आणि नाथाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाथा, ही तुझ्या बोटांवर पळते बरं का.” नाथाजीनं त्या दिवशी घरी जाऊन भाकरी पुढ्यात घेतली आणि तशीच ठेवली. भूकच नव्हती त्याला.

घरी बनुबाई. त्याची बायको. मूल झालं नाही त्यांना. त्याबद्दल दोघांनी बोलायचं तेवढं पहिल्या दहा वर्षांत बोलून घेतलं आणि मग सोडून दिलं. बनुबाई उंचीला बेताची, बोलायला सडेतोड आणि कामाला वाघीण. लहानपणी कडवळ कापताना विळा लागला होता, त्याची आडवी खूण तिच्या उजव्या अनामिकेच्या टोकाला होती. त्याच बोटानं ती कुंकू लावायची. कुंकवात खोबरेल तेलाचा थेंब मळून ठेवायची, म्हणजे ते गळत नाही. आणि ते ठेवायला माहेरचा पितळी करंडा.

त्या करंड्याचं झाकण मुळात ढिलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा नाथाजीनं तो गुपचूप शॉपमध्ये नेला आणि चार दिवस जेवणाच्या सुट्टीत झाकण नि काठ एकमेकांवर घासून घासून बसवलं. असं बसवलं, की झाकण वर ठेवून सोडलं तर आतली हवा हळूहळू बाहेर निघायची आणि झाकण आपल्या आपण खाली उतरायचं. बनुबाई आळीतल्या बायकांना बोलावून बोलावून ते दाखवायची. “बघा, बघा, हात लावू नका, आपसूक जातंय.” तिच्यासाठी त्यानं केलेली एवढी एकच वस्तू. साडीचोळी काय, सगळेच आणतात.

निळ्या गाडीचं ऐकल्यापासून ती ‘आपली गाडी’ म्हणायला लागली. दृष्ट काढायला गाडी जवळ नव्हती, एवढंच.

भिड्यांच्या शॉपमध्ये खंडेनवमी दणक्यात व्हायची. मशीनं बंद, फरशी धुतलेली, झेंडूच्या माळा. कामगारांच्या बायका यायच्या. भिडेसाहेबांच्या पत्नी गोदावरीबाई प्रत्येकीच्या हातात नारळ द्यायच्या आणि ज्याची बायको तिनं त्याच्या मशीनची पूजा करायची. दोन हजार आठच्या खंडेनवमीला बनुबाई हिरवं लुगडं नेसून, करंडा पदराखाली धरून आली. नाथाजी तेव्हा मानसिंगबरोबर कॉम्प्रेसरला माळ बांधत होता. टेबलावर ट्रे होता. ओरेस्ताच्या बारा जोड्या, तपासून झालेल्या, दसऱ्यानंतर पॅक व्हायच्या.

तो परत आला तेव्हा मलमल बाजूला होती आणि चोवीसच्या चोवीस नगांवर ठिपके होते. दांडीला हळद आणि कुंकू, नळीला हळद आणि कुंकू. वरून नारळाचं पाणी शिंपडलेलं.

“बनू, काय केलंस ह्ये?”

“का वो? टेबलाला कुंकू लावलं, त्या घासायच्या दगडाला लावलं, आन ही एवढी सगळी वळीनं निजल्याली, ह्यांनाच ठेवायचं व्हय कोरं? जोडीजोडीनं लावलंय. तुमीच म्हणता न्हवं, त्यांची लगनं लागल्याली असत्यात.”

त्याला हसू आलं. खरं सांगायचं तर त्याला तेव्हा हसूच आलं. पण कुंकवात वाळूसारखी बारीक कच असते आणि नारळाच्या पाण्यानं पोलाद डागळतं, हे त्याला नको तेवढं माहीत होतं. त्यानं डबा ओढला आणि एकेक नग रॉकेलात धुवायला घेतला. बनुबाईचा चेहरा उतरला. “आवं, आज हत्यारं हलवायची नसत्यात. कुंकू धुता व्हय आजच्या दिसाला?”

“गप,” तो म्हणाला. रागानं नाही, घाईनं. साहेब यायच्या आत आवरायचं होतं.

सगळे धुतले, पुसले. बाराही जोड्या पुन्हा उतरवून बघितल्या. सात चांगभलं, सात चांगभलं, शेवटपर्यंत सात. कुणाला काही कळलं नाही. दसरा झाला, पेटी पॅक झाली, सील लागलं, पुण्याला गेली.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी तो चहाच्या टपरीवर पेपर बघत होता. खेळाच्या पानावर तळाला एक फोटो होता. निळी गाडी रस्त्याच्या कडेला गवतात उभी, ड्रायव्हर हेल्मेट काढून चालत निघालेला. खाली एक ओळ, मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत ओरेस्ताची गाडी तांत्रिक बिघाडामुळे बंद पडली. झालं. एवढीच ओळ. नाथाजीनं पेपरची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

महिन्याभरात दुसरी बातमी आली. ओरेस्ता शर्यतीतून बाहेर पडली. भिडेसाहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की ते काम बंद, सहा माणसांना दुसरीकडं बघावं लागेल. सहांत मानसिंग होता. तो आपला डबा आणि चप्पल पिशवीत घालून पलूसला भावाच्या उसात राबायला गेला. जाताना नाथाजीला म्हणाला, “तुझी बोटं हायत म्हणून तू राहिलास गड्या. संबाळ.” नाथाजीला त्याच्याकडं मान वर करून बघता आलं नाही.

आता इथं या माणसाचा राग येतो, आणि तो यावाच. भिडेसाहेब दहा पावलांवर काचेच्या केबिनमध्ये बसलेले होते. आत जाऊन एवढंच विचारायचं होतं, साहेब, गाडी कशानं थांबली? पण विचारलं तर साहेब म्हणणार, का रे, तुला का शंका? मग कुंकवाचं सांगावं लागणार, धुतल्याचं सांगावं लागणार. तीस लोकांच्या शॉपमध्ये ज्याच्या बोटांची सगळे शपथ घेत होते, त्यानं बायकोनं कुंकू लावलेला माल परदेशी पाठवला. छी थू झाली असती, असं त्याला वाटलं. त्यानं तोंड शिवून घेतलं. बाहेर गोगलगाय, आणि घरी?

महिनाभर पिशवीत ठेवलेला टपरीवरचा तो पेपर त्यानं त्या दिवशी घरी बाहेर काढला. बनुबाई तांदूळ निवडत होती. त्यानं पेपर तिच्या सुपात टाकला.

“थांबली तुझी गाडी. तुझ्या कुंकवानं थांबली. सहा घरं बसली त्या पायी.”

ती वाचू शकत नव्हती. फोटोकडं बघत राहिली. गाडी, गवत, चालत निघालेला माणूस. तिला उलटून बोलता आलं असतं. कुंकू लावल्यानं न्हाई, तुमी धुतल्यानं झालं, असं ती म्हणू शकली असती, आणि ती बाई बोलायला काही कमी नव्हती. पण तिनं सूप बाजूला ठेवलं. उठली, करंडा घेतला, झाकण वर ठेवलं, ते सावकाश खाली जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “ती गाडी परत येईस्तवर ह्यो करंडा मी उघडणार न्हाई. सिद्धनाथा-जोगेश्वरीला बोललेय. गाडी आली की म्हसवडला जाऊन ह्यातलंच कुंकू वाहीन.”

“बरं,” नाथाजी म्हणाला. त्यावर एवढंच म्हणाला तो.

करंडा फडताळात वरच्या कप्प्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून बनुबाईच्या कपाळाला पाकिटातली टिकली आली. आळीतल्या बायका विचारायच्या, तर कुंकवानं खाज सुटते म्हणून सांगायची. खंडेनवमीला ती शॉपवर परत कधी गेली नाही. गोदावरीबाईंनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्या वर्षी पाठवला नाही.

आणि एक सवय लागली तिला. भाजी बांधून आलेला कागद, भजी गुंडाळलेला कागद, कुठलाही छापील कागद आला की ती हातानं सपाट करून बघायची. गाडीचं चित्र दिसलं की धावत यायची. “आवं, ही का वो आपली?” नाथाजी सुरुवातीला बघायचा. ती कधी बस असायची, कधी ट्रॅक्टरची जाहिरात. “न्हाई.” पुढं पुढं तो न बघताच सांगायला लागला. “न्हाई.” कागद हातात घ्यायचाही नाही. ती घडी घालून चुलीच्या बाजूला ठेवायची आणि पुन्हा कामाला लागायची.

त्यांचा संसार मोडला वगैरे नाही. तो तिला दवाखान्यात न्यायचा, तिच्यासाठी मोसंबी आणायचा, ती त्याला वेळेवर डबा द्यायची. पण शेजाऱ्याशी बोलावं तेवढंच तो तिच्याशी बोलायचा. पंधरा वर्षं. शॉपमध्ये त्याच्या बोटांना केसाच्या विसाव्या भागाचा फरक कळायचा, आणि घरातल्या बाईचं काय चाललंय हे मात्र कळलं नाही. का कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

मधल्या काळात भिडेसाहेब वारले. त्यांचा मुलगा निमिष शॉप बघायला लागला. नाथाजी अठ्ठावन्नचा झाला, त्याला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं. आणि त्याच वर्षाच्या थंडीत बनुबाईला न्यूमोनिया झाला. आठ दिवस हॉस्पिटलात होती. नवव्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, “पेपर आलाय का वो?” आला होता. उशाशीच पडला होता. नाथाजी म्हणाला, “त्यात काय न्हाई.” त्यानं तो उघडलाही नव्हता. दुपारी ती गेली.

सवाष्ण गेली, भाग्याची गं बाई, असं आळीतल्या बायका म्हणाल्या. हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या. एकीला फडताळातला करंडा ठाऊक होता, ती काढायला निघाली. नाथाजी पहिल्यांदाच उठून उभा राहिला. “त्यो नगा उघडू. नवस हाय तिचा. फिटला न्हाई अजून.” बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग कुणीतरी शेजारून वाटीत कुंकू आणलं. नवऱ्यानं लावायचं असतं, त्यानं लावलं. वाटीतल्या कुंकवात खोबरेल मळलेलं नव्हतं, ते भुवईपर्यंत गळलं. एका बाईनं पदरानं सारखं केलं. उसन्या कुंकवानं गेली ती.

तिला जाऊन वर्ष भरायला आलं होतं. नाथाजी खोलीत एकटाच राहायचा, स्वतःची भाकरी स्वतः थापायचा. पेपर त्यानं बंद केला होता. एक दिवस वडे बांधून आलेला कागद टाकायला गेला आणि सवय नसताना त्यानं तो सपाट केला. कुणास ठाऊक का. त्यावर निळी गाडी होती. गवतात नव्हे, रस्त्यावर, पळताना. ओरेस्ता शर्यतीत परतणार, चाचणीला सुरुवात, असं लिहिलेलं होतं. तेलाच्या डागानं अर्धा फोटो पारदर्शक झालेला.

“आवं ही का वो आपली,” असं तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. आणि मग तिथंच उंबऱ्यात बसला.

करंड्याला मात्र त्यानं हात लावला नाही. गाडी आली तरी ती थांबली होती कुंकवानंच, असं त्याच्या मनात पक्कं होतं. आणि आता नवस फेडायला नवस बोलणारी कुठं होती?

तीनेक महिन्यांनी निमिषचा फोन आला. “नाथाकाका, जरा शॉपवर येता का? तुमचंच काम आहे.”

तो गेला. भिंतीवर निळ्या गाडीचं कॅलेंडर अजून होतं, दोन हजार आठचंच. निमिषनं त्याला केबिनमध्ये खुर्चीवर बसवलं. टेबलावर एक पेटी होती. नाथाजीनं ती लांबूनच ओळखली. पॅकिंगच्या पट्टीची गाठ त्याची स्वतःची होती, तो गाठीचं टोक नेहमी डावीकडं दुमडायचा.

“ओरेस्ताची माणसं जुनं गोदाम उपसत होती,” निमिष सांगत होता. “पुन्हा शर्यतीत उतरायचंय ना त्यांना. त्यात ही पेटी सापडली. आपली. बाबांच्या वेळची. ते विचारतायत, अशा जोड्या अजून करून देता का. नमुन्याला म्हणून पाठवलीय, परत द्यायचीय. मी मुद्दाम उघडली नाही. म्हटलं, काकांनीच उघडावी.”

नाथाजीनं पेटी फिरवली. सील अख्खं होतं. लाख तडकलेली, पण अख्खी.

“ही उघडलीच न्हाई त्यांनी?”

“नाही ना. हे बघा, त्यांच्या गोदामात पोचल्याचा शिक्का, अकरा नोव्हेंबर. शेवटची शर्यत दोन तारखेला झालेली. दिवाळीत पुण्याला अडकली असणार. मग त्यांनी रेसिंगच बंद केलं, ही तशीच पडून राहिली.”

नाथाजीनं कात्री मागितली. सील कापलं, तेलकट कागद उलगडला. बारा जोड्या, जशा झोपवल्या होत्या तशा. सोळा वर्षांत एकीलाही गंज नव्हता. निमिषनं एक नळी उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “काका, हिला इथं बाजूच्या भोकात लाल काहीतरी आहे. गंज धरला का?”

“गंज न्हाई दादा,” नाथाजी म्हणाला. “कुंकू हाय.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. जे केबिनमध्ये दहा पावलं चालून बापाला सांगायला हवं होतं, ते त्याच केबिनमध्ये सोळा वर्षांनी मुलाला सांगितलं. खंडेनवमी, मलमल, रॉकेल, पेपरातला फोटो. “म्हणून गाडी थांबली, आन म्हणून कंपनी गेली, असं धरून चाललो होतो म्या. तिलाबी तसंच सांगितलं.”

 निमिषनं मोबाईल काढला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाला, “काका, त्या दिवशी गाडीची पेट्रोलची नळी फुटली होती. इथं लिहिलंय. गिअरचा काही संबंध नाही. आणि शर्यत सोडायचं त्यांनी मंदीमुळे ठरवलं होतं, बाबा तेव्हा घरी म्हणाले होते. तुम्ही बाबांना नुसतं विचारलं असतंत तरी...” पुढचं त्यानं गिळलं. चांगला मुलगा आहे तो.

नाथाजीनं एक नळी उचलली. तीच, कुंकवाची. फडक्यानं पुसली, तेलाचा थेंब सोडला आणि तिची दांडी वर धरून सोडून दिली. ओठ हलायला लागले. सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं. एक झालं, दोन झाले, चार झाले. पुढचं येईना.  दांडी आपली उतरत राहिली, तळाला टेकली.

“अकरा सेकंद,” निमिष हलकेच म्हणाला. त्यानं मोबाईलवर मोजलं होतं.

नाथाजी रडला. भिंतीवरच्या निळ्या गाडीपुढं, साठीचा माणूस, पंजानं डोळे चोळत रडला. “तिनं लय वाट बघितली दादा. कागद आणून आणून दाखवायची. म्या बघायचोसुदिक न्हाई.”

पोरांना जोड्या जुळवायला शिकवा, असं निमिष म्हणाला. नाथाजीनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. बारा जोड्या परत कागदात निजवल्या. लाल ठिपका तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो निघाला. विटा, आटपाडी करत म्हसवडला उतरला तेव्हा ऊन चढलं होतं. मांडीवर पिशवी, पिशवीत करंडा. वाटेत त्यानं तो उघडला नव्हता. देवळात गर्दी नव्हती. सिद्धनाथ आणि जोगेश्वरी शेजारी शेजारी. त्यांच्यापुढं मांडी घालून त्यानं करंडा काढला आणि झाकण ओढलं. ते चटकन निघालं नाही. सोळा वर्षं आत हवा गेली नव्हती. त्याच्याच हातानं बसवलेलं झाकण, हळूहळू वर आलं.

कुंकू वाळून घट्ट झालं होतं, पण रंग जसाच्या तसा. आणि मधोमध एक खळगा होता. बोटाच्या टोकाएवढा. खळग्याच्या तळाला एक आडवी रेघ होती, विळ्याच्या खुणेची.

करंडा बंद केला त्या सकाळी स्वतःच्या कपाळाला लावायला तिनं जे बोट बुडवलं, ते तिथं तसंच होतं.

गुरव पुढं आला. “आणा, बाबा, कुंकू आणलंय न्हवं? वाहतो.” त्यानं हात पुढं केला.

नाथाजीनं करंडा छातीशी धरला. “थांबा. तुमी नगा घेऊ. म्या देतो.” त्यानं नखानं काठाचं चिमूटभर कुंकू खरवडलं. सावकाश. जन्मभर पोलादावर जेवढं जपून काम केलं नसेल तेवढं जपून. मधल्या खळग्याला धक्का लागू दिला नाही. चिमूट गुरवाच्या तळहातावर ठेवली.

“नवस कुणाचा म्हणायचा?”

“बनुबाईचा. बनुबाई नाथाजी विरकर. गाडी आली म्हणून सांगा. आन तिचं काय चुकलं न्हवतं म्हणून सांगा.”

गुरवानं कुंकू वाहिलं, नाव घेतलं, मागं वळला. “बाई आल्या न्हाईत व्हय संगं?”

नाथाजीनं झाकण करंड्यावर ठेवलं आणि हात काढून घेतला. झाकण आपसूक, सावकाश खाली जायला लागलं. ते पुरतं बसेपर्यंत तो त्याच्याकडंच बघत होता.

“ती पंधरा वर्षं निघायच्या तयारीत हुती,” तो म्हणाला. “म्या येऊ दिलं न्हाई.”